आमच्या गावात माणसे किती?



अंक हाती पडला की आपल्यापैकी पुष्कळ जण फोन करून, पत्र पाठवून विचारपूस करता. मंडळ्यांमध्ये भेटी देताना तर पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "तुम्ही काम करता ते गाव केवढे आहे? लोकसंख्या किती?" विचारणाऱ्याला दोन-चार शब्दांत उत्तर हवे असते. सपाटीवरच्या गावाबद्दल तसे ते देताही येते. आमच्या डोंगरातल्या गावाबद्दल देता येत नाही. म्हणून या वेळी कामाचा अहवाल थोडा बाजूला ठेवून गावाची जमीन आणि गावातली माणसे यांविषयीच लिहिते. येत्या जनगणनेमुळे हा विषय आता फार लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही.

गावाचे नाव देत नाही. पुढे जे सांगणार आहे ते आजूबाजूच्या कितीतरी गावांना तसेच लागू पडते.

गाव कोठे आहे

महाराष्ट्राचा नकाशा घेऊन वायव्येचा कोपरा पाहा. तेथे नंदुरबार जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यांतील जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. जिल्ह्याचा दक्षिणेचा भाग तापीच्या खोऱ्यातला : काळी जमीन, केळी, ऊस, कापूस. उत्तरेकडे पाहिले की भिंत उभी राहावी तसा सातपुडा दिसतो. तो चढून गेले की अक्राणी तालुका लागतो. तालुक्याचे ठिकाण धडगाव. तेथील नगरपंचायतीचे पूरे नाव धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक असे आहे. येथे गाव म्हणजे एक ठिकाण नसते, हे त्या नावावरूनच कळावे.

सातपुडा हा एकच डोंगर नाही. एकामागे एक अशा रांगा आहेत आणि मधे खोल दऱ्या. दक्षिण उतारावरचे पाणी तापीला जाते, उत्तर उतारावरचे नर्मदेला. आमचे गाव उत्तर उतारावर आहे. शेजारच्या डोंगरावर चढले की हवा स्वच्छ असताना अस्तंब्याचे शिखर दिसते. उत्तरेला दऱ्यांच्या पलीकडे नर्मदेचे खोरे असते आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश.

खडक काळा, बेसाल्टचा. पाऊस भरपूर पडतो, पण जमीन उतरती आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. ऑगस्टमध्ये ज्या ओढ्याने पाड्याची वाट बंद होते, त्याच ओढ्यात एप्रिलमध्ये वाळू उकरून झिरा काढावा लागतो. बाई झिऱ्याशी वाटी घेऊन बसते. पाणी जमेल तसे हंड्यात भरते. पाण्याची योजना आखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. खालच्या पाड्याला विहीर दिली म्हणून वरच्या पाड्याला पाणी मिळाले असे होत नाही. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढण चढायची असते.

नाव एक, पाडे सात

देशावरचे गाव आपल्या डोळ्यांसमोर आहे : मधे चावडी, मंदिर किंवा चर्च, शाळा, भोवती घरांची दाटी आणि बाहेर शेते. आमच्याकडे घर शेतातच असते. सागाचे खांब, बांबूचे कूड, वर कौले, आणि आत माणसांबरोबर गुरे, शेळ्या, कोंबड्याही. प्रत्येकाचे घर आपापल्या उतारावर, शेजाऱ्यापासून हाक पोहोचेल इतक्या अंतरावर. मुलाचे लग्न झाले की तो त्याच शेताच्या कडेला दुसरे घर उभे करतो. दोन-तीन पिढ्यांत अशा भाऊबंदांच्या घरांचा पाडा होतो.

आमच्या गावात असे सात पाडे आहेत. पाटीलपाडा रस्त्याला लागून आहे. शाळा, रेशन दुकान, अंगणवाडी तेथेच. बाकीचे पाडे ओढ्यापलीकडे, खिंडीपलीकडे, एक तर थेट दुसऱ्या डोंगराच्या सोंडेवर. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर हे अंतर फारसे भरत नाही. चालताना मात्र एक दरी उतरून दुसरी चढण चढावी लागते. म्हणून येथे कोणी किलोमीटर सांगत नाही. "सकाळी निघालात तर जेवायला पोचाल" असे सांगतात, आणि ते किलोमीटरपेक्षा खरे ठरते. आजारी माणसाला आजही काही पाड्यांवरून बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

सरकारी दप्तरात हे सगळे मिळून एक महसुली गाव आहे. जनगणनेत त्याचा एकच आकडा छापून येतो. पाड्यांची नावे त्यात नसतात. त्यामुळे "गावात शाळा आहे, गावात हातपंप आहे, गावाला रस्ता आहे" ही तिन्ही वाक्ये कागदावर खरी असूनही सातांपैकी पाच पाड्यांतल्या मुलांच्या, बायकांच्या आणि आजाऱ्यांच्या उपयोगाची नसतात.

नर्मदेच्या काठावरच्या गावांचा गुंता याहून मोठा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावांची जमीन आली. धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर, आणि २०१९मध्ये पाणी पहिल्यांदा त्या पातळीला पोहोचले. काही कुटुंबे खाली तळोदा, शहादा भागातील वसाहतींत गेली; काही डोंगरावर वर सरकून तेथेच राहिली. एका गावाची माणसे अशी दोन ठिकाणी विभागली गेली. काठावरच्या वस्त्यांना जायला आजही बोट लागते, आणि आरोग्यसेवाही तेथे तरंगत्या दवाखान्यातून पोहोचवावी लागते.

कोण राहतात

आमच्या पाड्यांत मुख्यतः पावरा आणि भिल्ल कुटुंबे आहेत. पावरी आणि भिली बोली बोलल्या जातात. मराठी बहुतेकांना शाळेत किंवा बाजारात भेटते. ज्वारी, मका, तूर, उडीद ही पावसाळी पिके. उतारावर थोडी भगर. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचणे, चारोळी गोळा करणे, आणि कैऱ्या सोलून वाळवून आमचूर करणे. अक्राणीचा आमचूर बाजारात नावाजलेला आहे. पण पावसाळी पीक दिवाळीपर्यंत घरात येते आणि बहुतेक घरांत ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नाही. दुसरे पीक घ्यायला पाणी नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मे घरात माणसे आहेत आणि शेतात काम नाही, अशी स्थिती होते.

गावाच्या लोकसंख्येचे कोडे नेमके येथे सुरू होते.

"ताई, कोणत्या महिन्यातली?"

पाड्यावर नोंदवही घेऊन बसले असताना एका कारभारीकाकांना मी विचारले, "काका, तुमच्या पाड्यात माणसे किती?" त्यांनी जरा विचार केला आणि उलट विचारले, "ताई, कोणत्या महिन्यातली सांगू?"

याहून नेमके उत्तर मला कोणत्याही अहवालात सापडलेले नाही.

दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या घाटाखाली उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर उचल घेतलेली असते. काही कुटुंबे गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात, काही सौराष्ट्राकडे कापूस-भुईमुगाच्या कामाला, काही आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्यांकडे. लहान मुले बरोबर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, गुरे आणि आजी-आजोबांपाशी ठेवलेली शाळकरी मुले. जानेवारीत पाड्यावर गेले की दहा दारांतली चार-पाच कुडाच्या ताटीने बंद असतात.

होळीला गाव पुन्हा भरते. होळी हा येथला सर्वांत मोठा सण. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि त्यासाठी माणसे मिळेल त्या गाडीने घरी येतात. काही जण सण करून पुन्हा तोडीवर जातात. पावसाळ्यात पेरणीला मात्र जवळजवळ सगळे घरी असतात. जुलैतले गाव आणि जानेवारीतले गाव ही दोन वेगळी गावे वाटावीत इतका फरक पडतो.

म्हणून एकाच गावाचे आकडे निरनिराळ्या दप्तरांत निरनिराळे असतात. मतदार यादीत फक्त अठरा वर्षांवरची माणसे असतात. शिधापत्रिकांच्या यादीत वेगळे राहू लागलेले मुलगे बापाच्याच कार्डावर असतात. अंगणवाडीच्या वहीत गरोदर माता आणि सहा वर्षांपर्यंतची मुले नीट असतात, पण ती वही एका अंगणवाडीच्या हद्दीपुरती. यांतली एकही यादी खोटी नाही. प्रत्येक यादी आपल्या कामापुरते गाव मोजते. पण निधी ठरवायची वेळ आली की बहुधा जनगणनेचाच आकडा समोर ठेवला जातो.

आकड्यावर काय काय अवलंबून असते

हा निव्वळ हिशोबाचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. काही निकष सांगते. आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे प्रमाण आहे. सपाटीवर तेच पाच हजार आणि तीस हजार असते. पूर्ण अंगणवाडीसाठी आदिवासी भागात तीनशे ते आठशेची वस्ती धरली जाते, मिनी अंगणवाडीसाठी दीडशे ते तीनशेची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर पाचशेच्या वस्तीला बारमाही रस्ता धरला होता, तर आदिवासी व डोंगराळ भागात अडीचशेच्या. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाकडून येणाऱ्या निधीच्या वाटपातही लोकसंख्येलाच सर्वाधिक वजन असते.

डोंगरासाठी निकष सैल केले आहेत, हे चांगलेच आहे. पण निकष जितका खाली येतो तितके एकेक माणूस मोलाचे होते. समजा, एका पाड्यात २६० माणसे राहतात. त्यांतली ऐंशी मोजणीच्या वेळी उसाच्या फडात आहेत. कागदावर पाडा १८०चा झाला. अडीचशेची रेघ चुकली, तीनशेची तर दूरच राहिली. त्या पाड्यातली बाळंतीण पुढची दहा वर्षे झोळीतूनच खाली येणार. या बाबतीत दहा वर्षेही कमीच म्हणायची. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही २०११चेच आकडे चालतात. त्या वेळी आईच्या पाठीवर असलेली मुले आता स्वतः कोयता घेऊन जाऊ लागली आहेत.

जनगणना आणि उसाचा हंगाम

२०११मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. नियम असा होता की या संपूर्ण काळात जो घरी नसेल, त्याची नोंद गावी करायची नाही. तो जेथे असेल तेथे करायची. नियम सयुक्तिक आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. पण फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. त्या वर्षी होळी मार्चमध्ये होती. माणसे सणाला घरी आली तेव्हा मोजणी संपून गेली होती.

येणारी जनगणना दोन टप्प्यांत ठरली आहे. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात. दुसरा टप्पा माणसांच्या मोजणीचा, फेब्रुवारी २०२७मध्ये. बर्फाळ प्रदेश सोडले तर १ मार्च २०२७ची मध्यरात्र हा मोजणीचा क्षण धरला आहे. या वेळी जमातीबरोबर सर्वांचीच जात नोंदवली जाणार आहे आणि नोंद मोबाइलवरून होणार आहे. २०२७ची होळीही मार्चमध्येच आहे, म्हणजे मोजणीनंतर.

आता यातली अडचण पाहा. घरयादी होते तेव्हा माणसे बरीचशी घरी असतात, त्यामुळे पाड्यावरच्या घराला क्रमांक मिळतो. फेब्रुवारीत प्रगणक त्या क्रमांकावर येतो तर दार बंद. तिकडे तीच माणसे कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या बांधावर कोपी घालून राहिलेली असतात. घरयादी झाली त्या वेळी ती कोपी उभीच नव्हती, म्हणून तिला क्रमांक नाही. गावी घर यादीत आहे पण माणसे नाहीत. तळावर माणसे आहेत पण घर यादीत नाही. नव्याने दिसलेल्या झोपड्यांची नोंद प्रगणकाने करायची असते. पण त्यासाठी कोपी तेथे आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे, आणि कोपीतले मजूर तर पहाटे फडात गेलेले असतात.

तळावर मोजले गेले तर निदान देशाच्या मोजणीत ती माणसे येतात, त्यांची जमात आणि बोली लिहिली जाते. तेथेही राहून गेले तर ती कुठेच नसतात.

गावात काय चालले आहे

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाड्यापाड्यावर बसून वही करत आहोत. वहीत पाड्याचे नाव, घर, घरातली माणसे, कोण कोठल्या महिन्यात बाहेर असते, आणि पाणी, शाळा, रस्ता किती चालीवर आहे, एवढेच लिहितो. शाळा शिकलेली पाड्यातलीच मुले-मुली हे लिखाण करतात. ही वही जनगणनेची जागा घेऊ शकत नाही. पण ग्रामसभेत ठराव मांडताना, अंगणवाडी मागताना, तालुक्याच्या कचेरीत अर्ज देताना "आमच्या पाड्यात खरे इतके लोक आहेत, आणि ते इतके महिने का दिसत नाहीत" हे दाखवायला ती उपयोगी पडते.

आणखी एक वाट कायद्यानेच दिली आहे. पेसा कायदा १९९६चा. त्यात गावाची व्याख्या तलाठ्याच्या दप्तरावरून केलेली नाही. एक वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जो आपला कारभार रूढीप्रमाणे चालवतो, त्याला गाव म्हटले आहे. महाराष्ट्राने २०१४मध्ये केलेल्या नियमांनुसार पाड्यातले मतदार ठराव करून, आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करावा अशी मागणी उपविभागीय अधिकाऱ्याकडे करू शकतात. तसे झाले तर त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे आमच्या पाड्यांना ही वाट मोकळी आहे. सोंडेवरच्या पाड्यात त्याविषयी बोलणे सुरू आहे. काहींना वेगळे होणे पटते, काहींना भाऊबंदकी तुटेल अशी धास्ती वाटते. निर्णय त्यांचा आहे; आमचे काम नियम त्यांच्या बोलीत समजावून सांगण्याचे.

आपल्याला काय करता येईल

दर अंकात आपल्याकडे देणगी आणि प्रार्थना मागतो. या वेळी एक वेगळी विनंती आहे.

आपल्यापैकी अनेक जण अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात, कोल्हापूर-सांगलीकडे राहता. साखर कारखाने आपल्या मंडळ्यांच्या हद्दीतच आहेत. ऊसतोडीचे तळ आपल्या रोजच्या रस्त्यावर आहेत. तेथे उतरलेली माणसे आमच्याच डोंगरातली असतील असे नाही. बीडची असतील, आणखी कोठली असतील. फेब्रुवारी २०२७मध्ये कृपा करून एकदा तळावर जा. संध्याकाळी जा, माणसे तेव्हाच भेटतात. "तुमच्याकडे मोजणीवाले आले होते का?" एवढे विचारा. आले नसतील तर आपल्या गावच्या प्रगणकाला किंवा तलाठ्याला कळवा की अमुक बांधावर इतक्या कोप्या आहेत. आपल्या मंडळीत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि जनगणनेचे काम बहुतेक शिक्षकांकडेच येते. त्यांना तर हे सहज जमेल.

दुसरे असे की आमच्या कामाचे आकडे वाचताना महिना पाहत जा. जुलैत लस दिलेल्या मुलांची संख्या आणि जानेवारीतली संख्या यांत फरक दिसला तर काम थंडावले असे समजू नका. त्या मुलांची लस कोठे चुकली असेल हे त्या फरकावरूनच आम्हाला कळते, आणि होळीला ती परत आली की पहिल्या आठवड्यातच आम्ही पाड्यावर जातो.

आणि कोणी विचारलेच, "त्या गावात माणसे किती?" तर कारभारीकाकांचा प्रश्न त्यांना जरूर सांगा.

आपली,
अक्राणी क्षेत्रातील सेविका